प्रमोदिनीबाईंच्या दम्याची चौकशी

निवेदिताच्या सासूबाईंचा परंड्याहून फोन आला तेव्हा अनिरुद्धराव गालाला साबण लावून आरशासमोर उभे होते. फोन संपला तेव्हा साबण पार वाळून गेला होता आणि तो पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

विहीणबाई बोलल्या तशा अगदी गोड. मृणालिनीताईंचं बोलणं नेहमीच गोड असतं, त्यामुळं त्यातलं कुठं काय लागलं ते फोन ठेवल्यावर कळतं. "पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हे आम्हाला का ठाऊक नाही? पण ताईंना स्वतःचाच श्वास पुरेना झालाय. त्यात बाळंतीण, बाळ, जागरणं. उगीच त्यांच्या जिवाला घोर नको. आम्ही इथंच करतो सगळं. तुम्ही मनावर घेऊ नका."

मनावर घेऊ नका म्हटल्यावर खरोखरच मनावर न घेणारा माणूस निदान आपल्या धाराशिव जिल्ह्यात तरी अजून जन्मलेला नाही. अनिरुद्धरावांनी तर ते असं मनावर घेतलं, की निम्मी दाढी करून ते तडक स्वयंपाकघरात गेले.

प्रमोदिनीबाई ओट्याशी स्टूल टाकून मेथी निवडत होत्या. उभं राहून निवडायचं त्यांनी कधीच सोडलं होतं. फोनवरचं सगळं त्यांना ऐकू आलं होतं. "मी करीन," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "तिचं." मधला थांबा विचारासाठी नव्हता, श्वासासाठी होता. निवेदिताला सातवा लागला होता. एकुलती एक लेक. तिच्यासाठी डिंक, अळीव, बाळंतशोपा डब्यात भरून ठेवलेल्या, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून ठेवलेली. आणि आता ती सगळी गाठोडी परंड्याच्या यष्टीत चढवून द्यायची वेळ आली होती.

"इथंच होईल बाळंतपण," अनिरुद्धरावांनी अर्ध्या दाढीनं जाहीर केलं. "मी स्वतः लक्ष घालतो."

हे ऐकून प्रमोदिनीबाईंनी हातातली मेथी खाली ठेवली. अनिरुद्धरावांनी ज्यात ज्यात स्वतः लक्ष घातलं होतं, त्यात पाण्याची टाकी, जावयाचा मानपान आणि गच्चीची गळती येत होती, आणि गच्ची अजून गळत होती. पण नवरा इतक्या तळमळीनं काही करायला निघाला तर त्याला अडवायला लागतो तेवढा श्वास त्या बाईकडं होता कुठं?

दम्याचं कसं आहे, तो या घरात नवा नव्हता. एका डॉक्टरांनी पंप दिला, दुसऱ्यांनी त्याहून मोठा पंप दिला, तिसऱ्यांनी दोन्ही चालू ठेवून वर गोळी दिली, आणि दमा आपला जागच्या जागी. तेव्हा या खेपेला अनिरुद्धरावांनी नवीनच दवाखाना टाकलेल्या डॉ. विरेश यांना गाठलं. पोरगा दिसायला कॉलेजातला, बोलणं कमी, आणि ऐकताना मान वाकडी करायची सवय. अनिरुद्धरावांनी सगळा इतिहास सांगितला. बाईंना कधी त्रास होतो, झोप कशी लागते, पायऱ्या चढवतात का, सगळं अनिरुद्धरावांनीच सांगितलं. प्रमोदिनीबाईंनी दोनदा तोंड उघडलं, पण त्यांना सुरुवात करायला वेळ लागायचा आणि तोवर अनिरुद्धराव उत्तर देऊन मोकळे झालेले असायचे.

"पंप रोज घेतात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज म्हणजे रोज. मी स्वतः आणून देतो," अनिरुद्धराव म्हणाले.

डॉक्टरांनी बाईंना पंप ओढून दाखवायला सांगितला. त्यांनी तो अगदी बरोबर ओढला. डॉक्टर जरा कोड्यात पडले. मग म्हणाले, "डोस वाढवणं सोपं आहे, पण मी आत्ता वाढवणार नाही. दमा नावाला एक असतो, पण माणसागणिक वेगळा. कुणाचा धुळीनं उठतो, कुणाचा परागांनी, कुणाचा आणखी कशानं. यांचा कशानं उठतो ते आधी बघू. त्याप्रमाणं यांच्यापुरतं औषध बसवू." आणि त्यांनी एक पांढरी नळी दिली. जोरात फुंकलं की तिच्यातला काटा पुढं सरकतो आणि छातीत किती दम आहे ते दाखवतो. सकाळ-संध्याकाळ फुंकायची.

"कशानं उठतो ते बघू" एवढंच डॉक्टर म्हणाले होते. पण अनिरुद्धराव निवृत्त कार्यालयीन अधीक्षक. उभ्या नोकरीत त्यांनी इतक्या खातेनिहाय चौकशा चालवल्या होत्या, की घरी आले तेव्हा त्यांच्या मनात आरोपी, साक्षीदार आणि निलंबन असं सगळं तयार होतं.

पहिला गोंधळ त्या नळीनंच घातला. ओट्यावर ठेवलेली पाहून शेजारच्या मथुराबाईंनी ती हातात घेतली. "काकू, ही फुंकणी लई बारकी आणली. हिच्यानं चूल पेटती व्हय?" काय आहे ते कळल्यावर त्यांनी स्वतः फुंकून बघितली, मग आपल्या नवऱ्याला हाक मारली. बब्रुवान म्हणजे गावाकडं भरपूर शेती असलेला, पोरांच्या शिक्षणासाठी शहरात घर बांधलेला गडी. त्यानं अशी फुंकर मारली की काटा शेवटाला जाऊन अडकला. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली दारात फुंकायला उभी. कोण कुणापेक्षा पुढं यावरून दोन भावांचं बोलणं बंद झालं. प्रमोदिनीबाईंची पाळी आली तोवर नळी ओलीचिंब, आणि काटा जाम.

नळी उकळत्या पाण्यातून काढून, पुसून, काटा मोकळा करून कपाटात कुलपात गेली. पण गल्लीला आता विषय मिळाला होता.

"काका, माझं ऐका," बब्रुवान म्हणाला. "हैद्राबादला जिता मासा गिळवत्यात. दमा जातोय. आमच्या साडूचा चुलता जाऊन आला."

"बब्रुवान, आम्ही मासे खात नाही."

"खायचा कुठं हाय? गिळायचा हाय. अन् मासा तरी काय खातोय, शेवाळच की. म्हंजी त्योबी शाकाहारीच."

अनिरुद्धरावांनी नुसती मान हलवली, आणि बब्रुवाननं ती होकारार्थी धरून हैद्राबादच्या गाडीची चौकशी सुरू केली. तिकडं मथुराबाईंचं म्हणणं वेगळं. "काकू, ती गादी टाका आधी. कापूस जुना झाला की त्याची कुसळं उडत्यात, नाकात बसत्यात." गादी गेली. लग्नातली गादी होती, प्रमोदिनीबाईंनी तिच्याकडं दारातून पाहिलं. गादीमागून उशा गेल्या, पडदे गेले, सतरंजी गेली. देवघरातली उदबत्ती निलंबित झाली. खिडकीतली कबुतरं हुसकायला अनिरुद्धराव रोज ताटली वाजवू लागले, त्यानं कबुतरं गेली नाहीत, पण मागच्या आळीतल्या वकिलांनी ध्वनिप्रदूषणाबद्दल विचारणा केली. रोज सकाळी अनिरुद्धराव स्वतः फडकं बांधून सगळं घर झटकत. ती सगळी धूळ दिवसभर हवेत हिंडायची, आणि प्रमोदिनीबाई तेवढा वेळ मथुराबाईंच्या ओट्यावर बसायच्या, जिथं बब्रुवानच्या सोयाबीनची पोती उतरत असायची. एवढ्यानं दमा कसा हटावा? काटा होता तिथंच.

मग अनिरुद्धरावांची नजर शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पडली. पावसाळा सरत आला होता आणि प्लॉटभर गाजर गवत छातीइतकं माजलं होतं, पांढऱ्या फुलांनी डवरलेलं. हाच मुख्य आरोपी. डॉक्टर फोनवर म्हणाले, असूही शकतं. अनिरुद्धरावांना तेवढं पुरलं.

रीतसर अर्ज घेऊन ते कॉलनीच्या सोसायटीच्या सचिवाकडं गेले. सचिव म्हणजे गोरोबा, त्यांच्याच हाताखाली कारकून म्हणून घडलेला. गोरोबानं उठून नमस्कार केला, चहा सांगितला, आणि अर्ज वाचून बाजूला ठेवला. "साहेब, अर्जात नुसतं 'गवत' लिहिलंय. साधं गवत असेल तर मालकाला नोटीस. गाजर गवत असेल तर ते गाजर गवतच आहे म्हणून कृषीवाल्यांचा अभिप्राय लागेल. अन् मालक कोण ते कळल्याशिवाय नोटीस कुणाच्या नावानं काढू?"

"अरे, मालक कोण ते सोसायटीला नको का माहीत असायला?"

"तसा अर्ज द्या की. वेगळा."

अनिरुद्धरावांना यात फार लागलं ते हे, की गोरोबाला अर्ज परत करायची ही रीत दुसऱ्या कुणी नव्हे, त्यांनीच शिकवली होती. अर्ज नाकारायचा नाही, नुसता भुकेला ठेवायचा, असं ते तेव्हा कौतुकानं सांगायचे. आता तोच शिष्य समोर बसून चहात बिस्कीट बुडवत होता. "तुमचीच कृपा साहेब," गोरोबा मनापासून म्हणाला, आणि अनिरुद्धराव उठले.

अर्ज मेला, गवत वाढत राहिलं. तिकडं परंड्याहून मृणालिनीताईंचा पुन्हा फोन, की दवाखान्यात नाव घालतोय, तुमची हरकत नाही ना. अनिरुद्धराव म्हणाले, जरा थांबा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला उपरणं, हातात मोजे, तोंडाला फडकं अशा थाटात ते स्वतःच प्लॉटात उतरले. आयुष्यात हिरवळीवर बसण्यापलीकडं गवताशी ज्यांचा संबंध आला नव्हता त्या गृहस्थांनी दुपारपर्यंत निम्मा प्लॉट उपसला. हाता-मानेला गांध्या उठल्या, कंबर धरली, पण मन कसं अगदी हलकं झालं. बायकोसाठी माणूस काय करू शकतो, हे कुणीतरी बघायला पाहिजे होतं असं त्यांना वाटलं.

बघितलं ते बब्रुवाननं. संध्याकाळी शेतावरून आला तर एवढा ढीग. काकांनी मर मर मरून उपटलंय, आता निदान विल्हेवाट तरी आपण लावावी, अशा निव्वळ शेजारधर्मानं त्यानं त्या ढिगाला काडी लावली. ओलं गवत ते, पेटेना, नुसतं धुमसायला लागलं. आणि वारा नेमका अनिरुद्धरावांच्या घराकडं.

अनिरुद्धराव अंगाला खोबरेल लावत होते. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. प्रमोदिनीबाई ओट्याला दोन्ही हातांनी धरून, खांदे वर ओढून उभ्या होत्या. ओठ काळपट पडले होते, छातीतून शीळ वाजत होती. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, पण हाक मारता आली नाही. त्या क्षणी चौकशी, अर्ज, विहीणबाई, सगळं अनिरुद्धरावांच्या डोक्यातून पार पुसलं गेलं. उरली ती नुसती भीती. बब्रुवाननं गाडी काढली. रस्ताभर तो एकच वाक्य म्हणत होता, "चुकलं काकू, लई चुकलं," आणि अनिरुद्धराव बायकोचा हात धरून बसले होते, अंगाला खोबरेल, पायात दोन निरनिराळ्या चपला.

डॉ. विरेशांनी वाफेचं औषध लावलं. हळूहळू शीळ कमी झाली, ओठांचा रंग परतला. बाई नीट टेकून बसल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "आज सकाळचा पंप घेतला होता ना?"

"घेतला म्हणजे काय, मी स्वतः..." अनिरुद्धरावांनी सुरुवात केली.

"काका," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही जरा गप्प बसा." इतक्या वर्षांत हे असं त्यांना मंत्र्यांच्या दौऱ्यातसुद्धा कुणी म्हटलं नव्हतं. पण त्या दिवशी ते बसले.

प्रमोदिनीबाईंनी तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला. "आज शुक्रवार आहे ना," त्या म्हणाल्या.

"मग?"

"शुक्रवारी उपवास असतो."

डॉक्टरांची मान वाकडी झाली. अनिरुद्धरावांची तर सरळच राहिली, हलेचना.

"उपवासाला पंप घेत नाही तुम्ही?"

"तोंडानं आत जातं ते उपवासाला कसं चालेल?" बाईंच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं. एवढा शिकलेला पोरगा आणि याला साधं हे माहीत नाही. "गोळीसुद्धा घेत नाही मी."

"आणि कुठले कुठले उपवास असतात?"

"मंगळवार, शुक्रवार देवीचे. ते पहिल्यापासून आहेत. चतुर्थी, एकादशी. मग हा दमा जावा म्हणून सोमवार धरले. आणि आता निवेदिताचं सगळं सुखरूप व्हावं म्हणून गुरुवार."

डॉक्टर बोटांवर वार मोजत होते. "म्हणजे औषध बुधवारी, शनिवारी आणि रविवारी."

"एकादशी आली तर तेवढा दिवस गेला," बाईंनी प्रामाणिकपणे दुरुस्ती केली. "आणि आता नवरात्र येतंय. तेव्हा नऊ दिवस नाहीच."

म्हणजे दमा वाढला की बाई उपवास वाढवायच्या, उपवास वाढला की औषध कमी व्हायचं, आणि औषध कमी झालं की दमा वाढायचा. घरातल्या गादीपासून खिडकीतल्या कबुतरापर्यंत सगळ्यांची चौकशी झाली होती. जिचा दमा तिला मात्र एक शब्द विचारला गेला नव्हता. अनिरुद्धराव भिंतीवरच्या फुप्फुसाच्या चित्राकडं बघत राहिले. गाडीतून बरोबर आलेल्या मथुराबाईंनी मात्र मान डोलावली. "बरुबर हाय काकूंचं. उपासाला कसं चालंल?"

"उपवास सोडा असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तसं म्हटलं तर तुम्ही उपवास नाही सोडणार, डॉक्टर सोडाल. धूर-धूळ तर टाळायचीच. पण तुमच्या उपवासात बसेल असं औषध आपण शोधू. मात्र ते रोज घ्यायचं, वार न बघता."

एवढं झाल्यावर तरी अनिरुद्धरावांनी स्वस्थ बसावं की नाही? पण प्रश्न नियमाचा आला, आणि नियमाचा प्रश्न अधिकृत माणसाकडूनच सुटला पाहिजे. ते पंपाच्या खोक्यातला कागद खिशात घालून तुळजापूरला गेले. दिगंबरगुरुजी त्यांचे घराण्याचे उपाध्ये. गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकलं. "औषध देहरक्षणासाठी आहे, त्याला हरकत नसावी," ते म्हणाले. इथं अनिरुद्धरावांनी नमस्कार करून निघायचं होतं. पण त्यांना निर्णय लेखी हवा होता. गुरुजी म्हणाले, लेखी द्यायचं तर आत काय काय आहे ते वाचून दाखवा. अनिरुद्धरावांनी कागद उलगडला, बारीक अक्षरावर भिंग धरलं, आणि मोठ्यांदा वाचत गेले. औषधाचं नाव झालं, गॅसचं झालं, आणि पुढचा शब्द होता अल्कोहोल. अगदी किंचित, पण होता.

गुरुजींनी मांडी बदलली. "अनिरुद्धराव, म्हणजे इतकी वर्षं वहिनींना तुम्ही..." पुढचं ते सभ्यपणानं बोलले नाहीत.

लेखी तर नाहीच, तोंडीही गेलं. आणि यावर कळस म्हणजे अनिरुद्धरावांनी घरी येऊन हे सगळं बायकोला इमानेइतबारे सांगितलं. प्रमोदिनीबाईंनी पंपाकडं पाहिलं, तो उचलला, पदराच्या टोकानं धरून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला, आणि हात धुतले. आता बुधवार, शनिवार, रविवारही गेले.

"काका," डॉ. विरेश फोनवर म्हणाले, "तुम्ही वाचायचं बंद करा." पण त्यांनी बाईंना दुसऱ्याच दिवशी बोलावलं आणि दुसरं औषध दाखवलं. ती कॅप्सूलमध्ये भरलेली कोरडी पूड होती, फवारा नाही, गॅस नाही. ओढायचं आणि नंतर चूळ भरून टाकायची, एवढंच. आणि पूड कशात कालवलेली होती, तर दुधातल्या साखरेत. बाई ऐकत होत्या. तेवढ्यात, गाडी घेऊन आलेल्या बब्रुवाननं मध्येच तोंड घातलं. त्याच्या माहितीप्रमाणं कॅप्सूलचं कवच हाडांपासून करतात. बाईंचा चेहरा बदलला. डॉक्टरांनी एक दीर्घ श्वास घेतला, जो त्यांना सहज घेता येत होता, आणि कॅप्सूलच नसलेलं, नुसती खिट्टी ओढून पूड मोकळी करायचं गोल यंत्र टेबलावर ठेवलं. बब्रुवानला त्यांनी गाडी सावलीत लावायला पाठवलं.

घरी आल्यावर अनिरुद्धरावांनी टोपी घातली. तुळजापूरची गाडी कधी आहे ते बघू लागले.

"कुठं निघालात?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"गुरुजींकडं. दुधातली साखर चालते का ते..."

"दूध कुणाचं आहे ते विचारा आधी. गाईचं का म्हशीचं?"

अनिरुद्धरावांनी डॉक्टरांना फोन लावला. पलीकडं खोकं चाळवल्याचा आवाज आला. मग उत्तर आलं, "गाईचं."

"मग झालं की," बाई म्हणाल्या. "गाईचं दूध कुठल्या उपवासाला चालत नाही? यासाठी तुळजापूर कशाला पाहिजे? उपवासाला काय चालतं आणि काय नाही ते गुरुजींना तरी त्यांच्या घरात कोण सांगतं?" आणि गुरुवार असूनही त्यांनी देवाला नमस्कार करून यंत्राची खिट्टी ओढली. अनिरुद्धराव टोपी घालून तसेच उभे. निर्णय झाला होता, आणि तो घ्यायला त्यांची काहीच गरज लागली नव्हती.

नवरात्र आलं. बाईंनी नऊही दिवस उपवास केला आणि नऊही दिवस औषध घेतलं. फुंकणीचा काटा रोज तसूभर पुढं सरकू लागला. उदबत्ती आणि धूळ झटकणं, दोन्ही डॉक्टरांच्या सांगण्यावरून कायमची बंद राहिली, आणि अनिरुद्धरावांनी सकाळी ओल्या फडक्यानं फरशी पुसायला घेतली. गल्लीनं त्याची दोन दिवस गंमत केली आणि मग सोडून दिलं. एका सकाळी त्यांना जाणवलं, की बायको ओट्याशी उभी राहून भाजी निवडतेय आणि शेजारी मथुराबाईंना काहीतरी लांबलचक सांगतेय. वाक्य कुठंही तुटत नव्हतं. ते दारात थांबून ऐकत राहिले. बाई त्यांच्याबद्दलच सांगत होत्या, गुरुजी आणि भिंगाचा किस्सा, अगदी रंगवून. मथुराबाई ओट्यावर हात आपटून हसत होत्या. अनिरुद्धरावांना राग यायला पाहिजे होता, पण त्यांना तो कुठंच सापडेना.

डोहाळजेवणाच्या निमित्तानं मुलाला आणि निवेदिताला घेऊन मृणालिनीताई स्वतः येऊन गेल्या. त्या आल्या होत्या तपासणीला, हे सगळ्यांनाच कळत होतं. घरात शिरल्या तर गादी नाही, पडदा नाही, सतरंजी नाही. नुसत्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि चकचकीत फरशी. विहीणबाईंना वाटलं, व्याह्यांवर काहीतरी वाईट प्रसंग आलाय. त्यांनी हळूच जावयाकडून, म्हणजे आपल्याच मुलाकडून, काही अडचण असेल तर सांगा असं विचारवलं. अनिरुद्धरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण प्रमोदिनीबाईंनी तोवर गच्चीवर पानं मांडलेली होती, आणि पुरणाचं ताट घेऊन त्या जिना चढून गेल्या, खाली आल्या, पुन्हा चढल्या. मृणालिनीताई जिन्याच्या मध्यावर कठड्याला धरून उभ्या होत्या.

"ताई, जरा हळू," त्या म्हणाल्या. "मला दम लागतो."

"तुम्ही बसा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "मी वाढते." त्या संध्याकाळी जाताना विहीणबाईंनी निवेदिताची बॅग गाडीतून काढून ओसरीवर ठेवायला सांगितली. फक्त एक गोष्ट त्यांनी बजावली, की शेगडीची धुरी मात्र द्यायलाच हवी. प्रमोदिनीबाई म्हणाल्या, धूर मला नको आणि बाळालाही नको, गरम फडक्यानं शेकीन. विहीणबाई यावर पुष्कळ बोलल्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तेच वाक्य पुन्हा एका दमात म्हटलं.

निवेदिताला मुलगी झाली. बाळंतपण इथंच झालं, धाराशिवात, आजीच्या हातानं. तेल लावणं, न्हाऊ घालणं, डिंकाचे लाडू, मांडीवर आडवी घेऊन झुलवणं, सगळं प्रमोदिनीबाईंनी केलं. एकदा सर्दीनं काटा मागं आला तेव्हा डॉक्टरांनी आठवडाभर डोस वाढवून दिला आणि मग पुन्हा कमी केला. त्या आठवड्यात अनिरुद्धरावांनी कुणाचीही चौकशी केली नाही. रोज सकाळी फक्त बायकोला विचारलं, आज कसं वाटतंय, आणि उत्तर संपेपर्यंत थांबले.

बारशाच्या दिवशी घर बायकांनी भरून गेलं. पुरुष मंडळींना अंगणात काढलं होतं. अनिरुद्धराव, जावई आणि बब्रुवान तिघं लिंबाखाली खुर्च्या टाकून बसले. आत पाळणा सजला, नाव ठेवून झालं, आणि आता पाळणा म्हणायची वेळ आली.

"ताई, पहिलं कडवं तुम्ही म्हणा," मृणालिनीताईंचा आवाज बाहेर ऐकू आला. "पुढचं आम्ही उचलतो."

प्रमोदिनीबाईंनी सुरू केलं. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा गोड गळा म्हणून त्यांची ख्याती होती, हे अनिरुद्धराव सोडून आता कुणाला आठवतही नव्हतं. पहिलं कडवं संपलं. बायका पुढचं उचलायला सरसावल्या, पण बाईंनी ते कुणाला उचलूच दिलं नाही. दुसरं कडवं त्यांनीच घेतलं, तिसरंही. अनिरुद्धराव खुर्चीत पुढं सरकले. त्यांची एक सवय होती, कधी लागली ते त्यांनाही माहीत नव्हतं. बायको बोलायला लागली की ते आपला श्वास रोखून धरायचे, तिचं वाक्य संपलं की सोडायचे. आताही त्यांनी ओळीच्या सुरुवातीला श्वास धरला. पण ओळ लांबत गेली, वर चढली, तिथं थांबली, गिरकी घेऊन खाली आली आणि तशीच पुढच्या ओळीत शिरली. आत सगळ्या बायका गप्प झाल्या होत्या. नुसता पाळण्याच्या कड्यांचा आवाज आणि तो एक गळा.

अनिरुद्धरावांचा चेहरा लाल झाला. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खुर्चीचे हात धरले आणि तोंड उघडून धापा टाकायला लागले.

बब्रुवान घाबरून उठला. "काका, काय झालं? तुमालाच दम लागला की. पाणी आणू का?"

अनिरुद्धरावांनी हातानंच त्याला खाली बसवलं.

"गप बस," ते कसंबसं म्हणाले. "अजून एक कडवं आहे."